अर्थमंत्री अण्णासाहेब लठ्ठे : एक कर्तव्यनिष्ठ जीवन

कृष्णा, पंचगंगा व वेदगंगा या नद्यांच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारा दक्षिण महाराष्ट्रातील जैन समाज धर्मश्रद्धेत संपन्न होता. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो शिक्षणात फार मागे पडला होता. या समाजाला शाळेची वाट दाखविणाऱ्या आणि पुढे संपूर्ण मुंबई प्रांताच्या तिजोरीचा भार वाहणाऱ्या थोर पुरुषाचे नाव अण्णा बाबाजी लठ्ठे. समाज त्यांना आदराने अण्णासाहेब म्हणत असे.

अण्णासाहेबांचा जन्म १८७८ साली कुरुंदवाड येथे झाला. उच्च शिक्षण दुर्मीळ असलेल्या त्या काळात त्यांनी एम.ए. व एलएल.बी. या पदव्या संपादन केल्या. १८९९ मध्ये निपाणीजवळच्या स्तवनिधी या पवित्र क्षेत्री दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली. तिच्या आरंभीच्या कर्त्या पुरुषांमध्ये तरुण अण्णासाहेब अग्रभागी होते. खेड्यातील मुलाला शहरात राहण्याजेवण्याची सोय झाल्याखेरीज शिक्षण अशक्य, हे ओळखून सभेने वसतिगृहांचे कार्य हाती घेतले. राजर्षी शाहू छत्रपतींच्या उदार आश्रयाने १९०१ साली कोल्हापुरात दिगंबर जैन बोर्डिंग उभे राहिले. १९०५ मध्ये अण्णासाहेबांनी जैन धर्माचा परिचय करून देणारा ग्रंथ इंग्रजीतून प्रसिद्ध केला. राजाराम महाविद्यालयात अध्यापन व त्यानंतर संस्थानच्या शिक्षण खात्यात अधिकारपद, असा त्यांचा उत्कर्ष होत गेला.

याच बोर्डिंगमध्ये कुंभोजचे भाऊराव पाटील शिकत होते. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी उघडलेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास ते गेले. परतल्यावर स्नान करण्याचा बोर्डिंगचा दंडक त्यांनी मानला नाही. शिस्तीचे कठोर असलेल्या अण्णासाहेबांनी नियमावर बोट ठेवले आणि भाऊरावांना बोर्डिंग सोडावे लागले. त्या प्रसंगी न्याय भाऊरावांच्या बाजूने होता, हे आज कोणीही मान्य करील.

पुढे १९१४ साली कोल्हापुरात ब्रिटिश राजघराण्याच्या पुतळ्यास डांबर फासले गेले आणि संशयाचे वादळ अण्णासाहेबांवर येऊन आदळले. त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून पोलिसांनी याच भाऊरावांचा अतोनात छळ केला; तथापि ते असत्य बोलले नाहीत. ज्याला बोर्डिंगबाहेर जावे लागले, त्याच्याच सत्यनिष्ठेने अण्णासाहेबांचे रक्षण केले. हेच भाऊराव पुढे रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक कर्मवीर म्हणून वंदनीय ठरले.

या प्रकरणानंतर अण्णासाहेबांनी कोल्हापूर सोडले व बेळगावात वकिली सुरू केली. परंतु मनात कटुता साठवून ठेवणे त्यांच्या स्वभावात नव्हते. ब्राह्मणेतर चळवळीत त्यांनी शेतकरी व मागासलेल्या वर्गांची बाजू हिरिरीने मांडली. मॉन्टेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतर अस्तित्वात आलेल्या केंद्रीय विधिमंडळात ते सभासद होते. १९२२ मध्ये शाहू छत्रपतींचे निधन झाले. ज्या संस्थानातून मन दुखावून बाहेर पडावे लागले, त्याच संस्थानच्या राजाचे दोन खंडांचे इंग्रजी चरित्र अण्णासाहेबांनी १९२४ मध्ये सिद्ध केले. त्यानंतर राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत ते कोल्हापूरचे दिवाण झाले.

१९३७ च्या निवडणुकीत ते बेळगाव जिल्ह्यातून काँग्रेसतर्फे मुंबई विधानसभेवर निवडून आले. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळात त्यांच्याकडे अर्थखाते आले. काँग्रेसच्या कराची ठरावानुसार मंत्र्याचे वेतन दरमहा ५०० रुपये होते. दिवाणपद भूषविलेल्या या गृहस्थाने ते संतोषाने स्वीकारले.

मंत्रिमंडळासमोरचा सर्वांत कठीण प्रश्न दारूबंदीचा होता. मद्यत्याग हा जैन आचाराचा पायाच. परंतु उपदेश करणे वेगळे आणि राज्य चालविणे वेगळे. प्रांताच्या महसुलाचा मोठा हिस्सा अबकारीतून येत असे. तो सोडला तर शाळा, दवाखाने व रस्ते कशावर चालवायचे? दारूबंदीचे खाते डॉ. गिल्डर यांच्याकडे होते, मात्र तिची किंमत कोणी मोजायची याचे उत्तर अर्थमंत्र्यालाच द्यायचे होते. अण्णासाहेबांनी हा बोजा गरिबांवर टाकला नाही. १९३९ मध्ये त्यांनी शहरांतील घरे व जमिनी यांच्या वार्षिक भाडेमूल्यावर दहा टक्के कर बसविला. घरमालक खवळले. पारशी व मुस्लिम समाजांतून तीव्र विरोध झाला, कारण त्यांच्या अनेक धर्मादाय निधींचे उत्पन्नही घरभाड्यावरच अवलंबून होते. सधन जैन कुटुंबांनाही या कराची झळ टळणारी नव्हती. स्वकीयांना सवलत देण्याचा मोह अण्णासाहेबांनी धरला नाही. १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी सुरू झाली. कराविरुद्धचा वाद न्यायालयात गेला व मुंबई उच्च न्यायालयाने तो कर कायदेशीर ठरविला.

मंत्रिमंडळ मात्र फार काळ राहिले नाही. भारताला न विचारता त्यास महायुद्धात ओढल्याच्या निषेधार्थ ऑक्टोबर-नोव्हेंबर १९३९ मध्ये काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. अवघ्या सव्वादोन वर्षांच्या त्या कारकिर्दीत कूळकायदा व शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदाही झाला. नदीकाठच्या शेतकरी समाजातून आलेल्या अर्थमंत्र्याला याहून मोठे समाधान ते कोणते?

१९५० साली अण्णासाहेबांचे देहावसान झाले. सांगलीची लठ्ठे एज्युकेशन सोसायटी त्यांचे नाव आजही ज्ञानदानाच्या रूपाने जागवीत आहे. जे व्रत समाजाने पाळावे असे वाटते, त्याचा खर्च प्रथम समर्थांनी उचलावा, हा धडा त्यांच्या अंदाजपत्रकाने घालून दिला. समाजाचा निधी सांभाळणाऱ्या प्रत्येक विश्वस्ताने त्यांचे पुण्यस्मरण करताना तो ध्यानी ठेवावा.