बद्रुद्दीन तय्यबजी : दानाला शाळेची वाट दाखवणारा न्यायमूर्ती

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर अंजुमन-ए-इस्लाम या संस्थेची दगडी इमारत उभी आहे. तिच्या उभारणीमागे ज्यांची दूरदृष्टी होती, त्या बद्रुद्दीन तय्यबजी यांची ओळख आज बहुधा काँग्रेसचे पहिले मुस्लिम अध्यक्ष एवढ्यापुरतीच उरली आहे. त्यांच्या आयुष्यातील अधिक चिवट काम मात्र या संस्थेचे होते.

बद्रुद्दीन यांचा जन्म १० ऑक्टोबर १८४४ रोजी मुंबईतील सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. वडील मुल्ला तय्यब अली हे व्यापारी. इंग्रजी शिक्षणाकडे मुस्लिम समाज संशयाने पाहत असताना त्यांनी मुलांना विलायतेस पाठवले. मदरसा आणि एल्फिन्स्टन अशा दोन्ही ठिकाणी शिकलेले बद्रुद्दीन लंडनला गेले. दृष्टी अधू झाल्याने मध्यंतरी त्यांना अभ्यास सोडून परतावे लागले. तरी १८६७ मध्ये ते बॅरिस्टर झाले आणि मुंबई उच्च न्यायालयातील पहिले भारतीय बॅरिस्टर ठरले.

वकिलीत जम बसत असतानाच समाजाची अवस्था त्यांना अस्वस्थ करीत होती. कचेऱ्यांतून फारसीचे महत्त्व गेले होते, आणि इंग्रजी शाळेत घातल्यास मुलगा धर्माला दुरावेल या भीतीने अनेक घरांतील मुले नव्या विद्येपासून दूर राहत होती. समाजात दानत नव्हती असे नाही. बोहरा, खोजा, मेमन, कोकणी अशा प्रत्येक जमातीत मशिदी आणि धर्मादाय निधी होते. पण त्यांचा ओघ बहुतांशी आपापल्या जमातीपुरता राहत असे.

या भिंती ओलांडण्यासाठी १८७४ मध्ये अंजुमन-ए-इस्लामची स्थापना झाली. बद्रुद्दीन यांचे वडीलबंधू, नामांकित सॉलिसिटर कमरुद्दीन हे पहिले अध्यक्ष झाले, तर चिटणीसपद बद्रुद्दीन यांनी सांभाळले. कोकणी मुस्लिम समाजातील धनिक नाखुदा महंमद अली रोगे हेही त्यांच्यासोबत होते. धर्मशिक्षण आणि उर्दूबरोबर इंग्रजी व आधुनिक विषय शिकवणारी शाळा समाजाने स्वतःच चालवावी, म्हणजे पालकांची भीती आपोआप निवळेल, असा हा विचार होता. १८८० मध्ये पहिली शाळा सुरू झाली. १८९० मध्ये गव्हर्नर लॉर्ड हॅरिस यांच्या हस्ते आजच्या इमारतीची कोनशिला बसली आणि १८९३ मध्ये ती पूर्ण झाली.

समाजाच्या उन्नतीसाठी देशकार्यापासून अलग राहावे, हे मात्र त्यांना मान्य नव्हते. १८८५ मध्ये फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्यासह त्यांनी बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन स्थापन केली. १८८७ मध्ये मद्रास येथील काँग्रेस अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा सर सय्यद अहमद खान यांच्यासारख्या मान्यवर नेत्याचा विरोध त्यांना पत्करावा लागला. हा दुरावा त्यांच्या इतका जिव्हारी लागला की, पुढच्याच वर्षी काँग्रेसची अधिवेशने काही वर्षे थांबवावीत, अशी सूचना त्यांनी ॲलन ह्यूम यांना केली. ती मान्य झाली नाही. तरी दोन्ही बाजू सांभाळण्याची त्यांची तळमळ त्यातून दिसते.

१८९५ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. १८९७ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांना आधी जामीन नाकारला गेला होता; तो न्यायमूर्ती तय्यबजी यांनी मंजूर केला. १९०२ मध्ये त्यांनी प्रभारी मुख्य न्यायाधीश म्हणूनही काम पाहिले. पुढच्या वर्षी मुंबईत भरलेल्या मोहमेडन शैक्षणिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी स्त्रीशिक्षणाचा पुरस्कार केला आणि पडद्याच्या अतिरेकाला विरोध दर्शवला. हा आग्रह केवळ व्यासपीठापुरता नव्हता; स्वतःच्या मुलींनाही त्यांनी शिकवले होते.

१९ ऑगस्ट १९०६ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. पार्थिव मुंबईत आणून दफन करण्यात आले. अंजुमनचे काम मात्र थांबले नाही. त्या एका शाळेपासून निघालेल्या संस्थेच्या आज अनेक शाळा, महाविद्यालये आणि तंत्रशिक्षण संस्था आहेत. भुकेल्याला घास देणे हे पुण्य खरेच. पण त्याच्या मुलाला स्वतःच्या पायावर उभे करणारे दान पिढ्यान् पिढ्या पुरते, हा धडा तय्यबजींनी घालून दिला.