६१७४ आणि देवळालीचे कापरेकर गुरुजी : आपल्या मातीतला गीक



गीक म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर कोण येतं? माझ्या टीममध्ये एकाला ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधल्या राजांच्या वंशावळ्या तोंडपाठ आहेत. दुसरीने ‘नारुतो’ तीनदा पाहिलंय, तेही फिलर एपिसोडांसकट. तिसरा बुद्धिबळाच्या ओपनिंगवर जेवण थंड होईपर्यंत बोलतो. एकदा डबे उघडून बसलो असताना सगळे आपापली दैवतं सांगत होते. माझी पाळी आली तेव्हा मी कापरेकर गुरुजींचं नाव घेतलं. सगळे गप्प. मग नुसतं ६१७४ म्हटलं, तर दोघांनी लगेच माना हलवल्या. आकडा माहीत, माणूस माहीत नाही! म्हणून हा लेख.

आधी कागद-पेन घ्या. चार अंकी कुठलीही संख्या लिहा, फक्त चारही अंक सारखे नकोत. समजा ३५२४. तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहिले की ५४३२, चढत्या क्रमाने लिहिले की २३४५. वजाबाकी करा, ३०८७ येतात. आता ३०८७ वर तेच करा : ८७३० वजा ०३७८, म्हणजे ८३५२. पुन्हा एकदा : ८५३२ वजा २३५८, म्हणजे ६१७४. आणि ६१७४ वर हेच केलं तर? ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४. गाडी इथेच थांबते. सुरुवात कुठूनही करा, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तुम्ही इथे येऊन पोचता. याला जगभर ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणतात.

मला हे पहिल्यांदा कळलं ते इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला, एका कोडिंग साइटवरच्या प्रश्नात. मी वाशिमचा. आमचा जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यापासून वेगळा झाला, म्हणजे जिल्हा आणि मी जवळपास एकाच वयाचे. लहानपणी आमच्याकडे ना कॉमिक्सचं दुकान होतं, ना घरात प्लेस्टेशन. बसस्टँडवर गाड्यांच्या नंबरप्लेट वाचायच्या आणि अंकांची बेरीज करत करत एका अंकावर आणायची, हा आमचा फुकटातला गेम. त्यामुळे चार अंकांचा हा खेळ पाहिल्यावर ओळखीचं कोणीतरी भेटल्यासारखं झालं. लगेच प्रोग्राम लिहिला. लूप १००० पासून ९९९९ पर्यंत. आणि पहिल्याच आकड्याला उत्तर आलं शून्य!

१००० वजा १, म्हणजे ९९९. ९९९ वजा ९९९, म्हणजे ०. एक अख्खी रात्र मी या समजुतीत होतो की आपण नियमच मोडून दाखवला. सकाळी डोक्यात प्रकाश पडला. मी संख्या इंटिजर म्हणून ठेवली होती, आणि इंटिजर पुढचं शून्य गिळून टाकतो. गुरुजींच्या पद्धतीत ते ९९९ नाहीत, ०९९९ आहेत. ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१, तिथून ८०८२, मग ८५३२, मग ६१७४. नियम शाबूत होता, माझा डेटा टाइप चुकला होता. हातात फक्त पेन असणाऱ्या माणसाने ही चूक कधीच केली नसती.

हे होतं तरी का? अंक उतरत्या क्रमाने क, ख, ग, घ धरा. वजाबाकी करून बघा, उत्तर नेहमी ९९९ गुणिले (क − घ) अधिक ९० गुणिले (ख − ग) इतकंच येतं. म्हणजे मूळ चार अंक काय होते याला महत्त्वच उरत नाही, फक्त दोन फरक उरतात. पुढची शून्यं धरून सुरुवातीच्या संख्या आहेत ९९९०, पण पहिल्याच वजाबाकीनंतर त्या सगळ्या मिळून फक्त ५४ उत्तरांमध्ये गोळा होतात. पुढे त्या ५४ वाटा एकमेकींत मिसळत एकाच गावाला जातात. तीन अंकांचं असं गाव ४९५ आहे. पण दोन अंकांना गाव नाही, ते ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९ असे गोल फिरत राहतात. पाच अंकही असेच चकरा मारतात. मला विचाराल तर यामुळेच ६१७४ जास्त भारी वाटतो. प्रत्येक वेळी असं होत असतं तर त्यात मजा काय?

डहाणू ते देवळाली

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणूचा. आई गेली तेव्हा ते आठ वर्षांचे होते, वडिलांनीच वाढवलं. वडील कारकून, पण नाद ज्योतिषाचा. पत्रिका मांडायची म्हणजे सतत आकडेमोड. मुलाला आकड्यांची गोडी तिथूनच लागली. ग्रहांवर त्याचा किती विश्वास होता ते सोडून द्या, हिशोब मात्र डोक्यात बसला. शाळा ठाण्यात झाली, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. १९२७ मध्ये तिथे त्यांना गणितातल्या स्वतंत्र कामासाठी रँग्लर परांजपे यांच्या नावाचं पारितोषिक मिळालं. १९२९ ला मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झाली आणि १९३० पासून ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर. निवृत्तीपर्यंत, म्हणजे १९६२ पर्यंत, तिथेच.

एवढंच शिक्षण. पुढे एम.एस्सी. नाही, पीएच.डी. नाही, गाइड नाही. दिवसभर पोरांना शिकवायचं आणि उरलेल्या वेळात आकडे. आजच्या भाषेत सांगायचं तर बत्तीस वर्षं चाललेला साइड प्रोजेक्ट, ज्याचा एकही युजर नाही.

त्यांनी शोधलेल्या संख्यांना नावं कशी दिली ते बघा. हा भाग मला सगळ्यात आवडतो. जी.आय.पी. रेल्वेवरच्या एका स्टेशनावर त्यांना एका प्रकारच्या संख्यांची कल्पना सुचली. स्टेशनाचं नाव डेम्लो, म्हणजे आपलं आजचं डोंबिवली. झालं, त्या संख्या ‘डेम्लो संख्या’! ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा वर्ग १२३४३२१, हे त्यातलं सगळ्यात देखणं घराणं. डोंबिवली लोकलमध्ये लटकून ऑफिसला जाणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत असेल, की आपल्या स्टेशनाच्या नावाच्या संख्या गणितात आहेत?

ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो ती ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणारी. रामानुजनमुळे प्रसिद्ध झालेली १७२९ घ्या. अंकांची बेरीज १९, आणि १९ गुणिले ९१ बरोबर १७२९. हर्षदच!

‘कापरेकर संख्या’ वेगळ्या. ४५ चा वर्ग २०२५, त्याचे मधोमध दोन तुकडे करा, २० अधिक २५ बरोबर ४५. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ अधिक २०९ बरोबर २९७. २०२५ साल लागलं तेव्हा आपल्या सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर ४५ चा वर्ग फिरत होता, पण २० अधिक २५ ची गोष्ट किती ग्रुपवर आली?

आणि मग ‘स्वयंभू’. कुठल्याही संख्येत तिचेच अंक मिळवले की पुढची संख्या जन्माला येते. आमच्या वाशिमच्या गाड्या एमएच ३७. तर ३७ कुठून आले? ३२ अधिक ३ अधिक २. ३२ आले २५ मधून, २५ आले १७ मधून, १७ आले १३ मधून, मग ११, मग १०, मग ५. आणि ५? त्याला जन्म देणारी संख्याच नाही. वंशावळ संपली, मूळपुरुष सापडला. असेच बिनबापाचे २०, ३१, ४२, ५३. स्वयंभू शिवलिंग जसं घडवलेलं नसतं, आपोआप प्रकटलेलं असतं, तशा या स्वयंभू संख्या. १०१ ची गंमत उलटी आहे, तिला दोन बाप : ९१ आणि १००. या स्वयंभू संख्यांना ‘देवळाली संख्या’ही म्हणतात. टोल्किनच्या वंशावळ्या पाठ असलेल्या आमच्या मित्राला हे दाखवलं. तो त्या दिवशी संध्याकाळपर्यंत स्वतःच्या पिनकोडचे पूर्वज शोधत होता.

हसणारे लोक

गुरुजींचा ६१७४ चा शोध १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत जाहीर झाला आणि १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’त छापून आला. पण आपल्याकडच्या बऱ्याच गणितज्ञांनी त्यांना गंभीरपणे घेतलं नाही. हे पोरखेळ आहेत, असा एकूण सूर. मग त्यांचं बरंचसं काम छोट्या नियतकालिकांत किंवा स्वतः छापलेल्या पुस्तिकांत आलं. स्वयंभू संख्यांवरची १९६३ ची पुस्तिकाही देवळालीहूनच निघाली.

हसणाऱ्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. रामानुजनला केंब्रिजला नेणारे हार्डी यांनी १९४० च्या आपल्या छोट्या पुस्तकात नेमका हाच मुद्दा मांडला होता. ८७१२ आणि ९८०१ या दोनच चार अंकी संख्या स्वतःच्या उलट्या संख्येच्या पटीत आहेत (८७१२ म्हणजे २१७८ ची चौपट, ९८०१ म्हणजे १०८९ ची नऊपट), पण अशा गोष्टी कोड्यांच्या सदरात शोभतात, गंभीर गणितज्ञाला त्यात काही नाही, असं त्यांचं मत. शिवाय हा गुण संख्येचा नाही, ती लिहिण्याच्या पद्धतीचा आहे. दहाच्या पायाऐवजी आठच्या किंवा सोळाच्या पायात लिहा, ६१७४ ची जादू गायब.

मुद्दा खराच आहे, मी नाकारत नाही. पण मी प्रोग्रामर आहे हो! संख्या कशी लिहिली जाते यावर माझं घर चालतं. इंटिजर की स्ट्रिंग, पुढचं शून्य राहिलं की उडालं, मोबाइल नंबर एक्सेलने खाल्ला की वाचला, आमचा निम्मा दिवस यातच जातो. तुमच्या एटीएम कार्डाचा नंबर तपासायची लून पद्धत घ्या. एक सोडून एक अंक दुप्पट करायचा, दोन अंकी झाला तर त्याचे अंक मिळवायचे, आणि सगळ्याची बेरीज दहाने भागली जाते का ते बघायचं. हे कापरेकरांच्या कामातून निघालेलं नाही, उगाच श्रेय चिकटवत नाही. पण अंकांशी खेळणं म्हणजे वाया गेलेला वेळ, असं निदान आमच्या धंद्यात कोणी म्हणू नये.

आणि हार्डींनी बाजूला सारलेली ती ९८०१ बघा : ती ९९ चा वर्ग आहे, आणि ९८ अधिक ०१ बरोबर ९९. म्हणजे ९९ ही कापरेकर संख्या. एकाच आकड्याजवळून दोन माणसं गेली, एक पुढे निघून गेला आणि एक तिथेच मांडी घालून बसला.

माझ्या एका मुलाखतीत रेझ्युमेवरचा ‘कापरेकर रूटीन व्हिज्युअलायझर’ बघून समोरच्याने विचारलं होतं की याचा बिझनेस यूज काय. कंपनीचं नाव जाऊ द्या. घरी बाबाही तेच विचारत होते, फक्त वऱ्हाडीत : हे काय करून राह्यला, याचे पैसे किती भेटते? दोघांनाही माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

उशिरा आलेली चिठ्ठी

निवृत्तीनंतरचे दिवस सोपे नव्हते. १९६६ मध्ये पत्नी गेल्या. राहणी अगदी साधी, तरी पेन्शन पुरेना. मग गुरुजी गणिताच्या आणि विज्ञानाच्या शिकवण्या घेऊ लागले. सत्तरीकडे झुकलेला माणूस, ज्याच्या नावाचा स्थिरांक आहे, तो पोटासाठी पोरांच्या शिकवण्या घेतोय. हे वाचलं तेव्हा मी टॅब बंद करून थोडा वेळ बाहेर जाऊन आलो.

दरम्यान १९७४ मध्ये बेर्नार्दो रेकामान या कोलंबियाच्या गणितज्ञामुळे स्वयंभू संख्या अमेरिकेच्या एका मासिकात ‘कोलंबियन संख्या’ म्हणून आल्या. हर्षद संख्यांनाही पुढे आयव्हन निव्हेन यांच्यावरून ‘निव्हेन संख्या’ हे नाव पडलं. यात कोणी चोरी केली असं नाही, देवळालीची पुस्तिका तिथवर पोचली नव्हती इतकंच. ती पोचवली मार्टिन गार्डनर यांनी. ‘सायंटिफिक अमेरिकन’मधलं त्यांचं गणिती खेळांचं सदर म्हणजे त्या काळच्या जगभरच्या गीकांचा कट्टा. १९७५ मध्ये त्यांनी तिथे कापरेकर आणि त्यांच्या स्वयंभू संख्यांबद्दल लिहिलं. गुरुजी तेव्हा सत्तर वर्षांचे. १९८६ मध्ये ते देवळालीतच गेले. आज कुठल्याही कोडिंग साइटवर जा, हर्षद आणि कापरेकर संख्या नवशिक्यांच्या प्रश्नांत हमखास भेटतात. आणि ‘कोलंबियन’ शोधलं तरी शेजारी ‘देवळाली’ लिहिलेलं दिसतं.

मागच्या दिवाळीत वाशिमच्या स्टँडवर भाच्यासोबत उभा होतो. मोबाइलची बॅटरी संपली म्हणून तो कुरकुरत होता. समोरच्या गाडीवर १००४ दिसलं. तिकिटाच्या मागे लिहायला लावलं : ४१०० वजा ००१४, म्हणजे ४०८६. मग ८१७२. मग ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६. तो वैतागून पेन परत देणार होता. सातव्या वजाबाकीला ६१७४ आलं, आणि तेवढ्यात आमची रिसोडची गाडी निघून गेली. पुढची तासाभराने होती. भाचा ऐकायला थांबलाच नाही, तो दुसऱ्या फलाटावर नंबर वाचत पळत होता.