मकरंदाचे रहस्य उकलणारा मुख्याध्यापक

फूल मकरंद कशासाठी निर्माण करते, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मिळालेले नव्हते. तो बीजाच्या पोषणासाठी असावा, असे अनेक विद्वानांना वाटे. हे कोडे सोडवणारे क्रिश्चन कोनराड श्प्रेंगेल व्यवसायाने वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हते. ते शाळामास्तर होते.

जर्मनीतील ब्रांडेनबुर्ग येथे १७५० साली एका धर्मोपदेशकाच्या घरी त्यांचा जन्म झाला. हाले येथे धर्मशास्त्राचे अध्ययन करून ते अध्यापनाकडे वळले आणि १७८० मध्ये बर्लिनजवळील श्पांडाऊच्या शाळेचे मुख्याध्यापक झाले. वनस्पतींचा छंद त्यांना लावला तो डॉ. हाइम या वैद्याने. पुढे या छंदाने त्यांना पुरते झपाटले.

१७८७ साली एका रानटी जिरॅनियमच्या पाकळ्यांच्या तळाशी त्यांना बारीक लव दिसली. एखादा केसही निष्कारण नसावा, अशी त्यांची श्रद्धा. खाली मकरंद होता, आणि पावसाच्या पाण्यापासून लव त्याचे रक्षण करीत होती. मग हा मकरंद जपून ठेवायचा तो कोणासाठी? पुढच्याच वर्षी फर्गेट-मी-नॉटच्या निळ्या फुलातील पिवळ्या कड्याने त्यांना उत्तराची दिशा दाखवली. ते कडे म्हणजे कीटकाला मकरंदाच्या तोंडाशी नेणारी खूण होती. रात्री उमलणाऱ्या फुलांवर मात्र अशा खुणा नसतात. अंधारात त्या दिसणार कोणाला? त्यांचे पतंग येतात ते फिकट, मोठ्या पाकळ्यांच्या ओढीने. आणि ज्या फुलांचे पराग वारा वाहून नेतो, त्यांना मकरंदाची गरजच नाही. त्यांच्याकडे हलक्या परागकणांची रेलचेल असते.

ही निरीक्षणे १७९३ साली बर्लिनमध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यात ४६१ वनस्पतींचे वर्णन आणि २५ चित्रपृष्ठे होती. काही फुलांत पुंकेसर आणि कुक्षी एकाच वेळी पक्व होत नाहीत, त्यामुळे फुलाला स्वतःचे पराग लाभत नाहीत, हेही त्यांनी त्यात नोंदवले. विद्वानांनी मात्र ग्रंथाची फारशी दखल घेतली नाही. फुलाला माणसासारखी बुद्धी चिकटवणे गटेला रुचले नाही. १७९४ मध्ये श्प्रेंगेल यांना मुख्याध्यापकपद सोडावे लागले आणि निवृत्तिवेतनावर ते बर्लिनला राहू लागले. तरी त्यांनी हा विषय सोडला नाही. १८११ साली मधमाश्यांच्या उपयुक्ततेवर त्यांनी छोटी पुस्तिका लिहिली. १८१६ मध्ये त्यांचे निधन झाले.

रॉबर्ट ब्राऊन यांच्या सांगण्यावरून चार्ल्स डार्विन यांनी १८४१ मध्ये हा विस्मृतीत गेलेला ग्रंथ वाचला आणि त्याची थोरवी ओळखली. परपरागणाने संतती सशक्त होते, हा श्प्रेंगेल यांच्या हाती न लागलेला दुवा डार्विननी जोडला. एका बाबतीत मात्र डार्विनना त्यांचे म्हणणे पटले नाही. काही ऑर्किडमध्ये मकरंदाची नळी असते, पण मकरंद नसतो. ही फुले कीटकांना चक्क फसवतात, असे श्प्रेंगेल यांनी लिहिले होते. इतकी मोठी फसवणूक निसर्गात टिकेल, हे डार्विनना अशक्य वाटले. पुढील संशोधनाने कौल दिला तो शाळामास्तरांच्या बाजूने. ऑर्किडच्या सुमारे एक तृतीयांश जाती कीटकांच्या पदरी काहीही न टाकता आपले परागण साधतात, असा आजचा अंदाज आहे.