विहीर, रहाट, पाट आणि पाऊस

प्रार्थनेला बसावे, तो दूध उतू जाईल की काय हे आठवावे, मुलांची फी आठवावी; आणि मग मनात यावे की, आपले हे ऐकणारे खरेच कोणी आहे का? माझी तर ही नेहमीचीच रड आहे. म्हणूनच आविलाच्या संत तेरेझेचे चरित्र मला पुन्हा पुन्हा वाचावेसे वाटते. संतपदाला पोचलेल्या या बाईचीही कितीतरी वर्षे अशाच ओढाताणीत गेली होती.

तेरेझेचा जन्म १५१५ साली स्पेनमधील आविला या तटबंदीच्या शहरी झाला. आई लहानपणीच गेली. १५३५ साली ती कार्मेल पंथाच्या मठात दाखल झाली. तेथे ती फार आजारी पडली. १५३९ साली चार दिवस ती बेशुद्ध होती. तिच्यासाठी मठात थडगेही खणून ठेवले होते! त्यातून ती वाचली, परंतु जवळजवळ तीन वर्षे अंग लुळे होते.

पुढे ध्यानाला बसताना हाती पुस्तक असल्याखेरीज तिला धीर होत नसे. तास संपल्याचे टोले कधी पडतात, इकडे तिचे कान असत. देवाजवळ बसण्याची आपली लायकीच नाही, असे वाटून मध्यंतरी तिने ध्यान सोडूनही दिले. तीच आपली सर्वांत मोठी चूक, असे तिला पुढे कळून आले. ती परत बसू लागली. १५५४ च्या सुमारास, जखमांनी भरलेल्या ख्रिस्ताच्या मूर्तीपुढे तिचे मन एकाएकी द्रवले.

येथे शंका संपल्या असे मात्र नाही. ध्यानात विलक्षण अनुभव येऊ लागले, तेव्हा जाणत्या माणसांनी तिला सांगितले की, ही सैतानाची करणी आहे. तिलाही भीती वाटली. तिने ती भीती लपविली नाही. सारे लिहून काढले आणि विद्वान धर्मगुरूंपुढे तपासायला ठेवले. तिची स्वतःची कसोटी साधी होती: ध्यानातून उठल्यावर नम्रता आणि प्रेम वाढले का?

आपल्या आत्मचरित्रात तिने प्रार्थनेला बागेची उपमा दिली आहे. बागेला पाणी चार तऱ्हांनी मिळते. पहिल्याने विहिरीतून पोहऱ्याने शेंदावे लागते. हात भरून येतात आणि कधी विहीरच कोरडी लागते. मग रहाट येतो, कष्ट कमी होतात. मग ओढ्याचे पाणी पाटाने येते. शेवटी पाऊस पडतो. तेथे माळ्याचे काही चालत नाही, देणारा देव. मला यात मोठा दिलासा वाटतो. कोरड्या विहिरीत पोहरा सोडणे हीसुद्धा प्रार्थनाच आहे.

शंकेने तिचे कुतूहल आटले नाही. १५७७ साली तिने अंतरीच्या किल्ल्यावर पुस्तक लिहिले. आत्मा म्हणजे सात दालनांचा स्फटिकाचा किल्ला, अशी त्यातली कल्पना. एवढीशी मुंगी घेतली तरी तिच्यात आपल्याला न उमगलेले पुष्कळ आहे, असे तिला वाटे. रेशमाच्या किड्याचे पाखरू होते, यात तिला माणसाचा नवा जन्म दिसे. ज्याची एक मुंगी पुरती कळत नाही, तो देव आपल्या मुठीत कसा मावेल? मला वाटते, आपल्याला सगळे कळत नाही ही जाणीव तिला देवापासून दूर न नेता त्याच्या जवळ घेऊन गेली.

ही बाई नुसती डोळे मिटून बसणारी नव्हती. १५६२ पासून बैलगाडी-खेचराच्या प्रवासात तिने सतरा मठ उभारले. १५८२ साली ती निवर्तली. १९७० साली पोपनी तिला 'धर्मसभेची आचार्य' ही पदवी दिली. हा मान मिळालेली ती पहिली स्त्री होय.

भगिनींनो, मन लागत नाही म्हणून आपण उठून जातो. तेरेझा शंकेला बरोबर घेऊन बसली. उद्या सकाळी मीही तसेच बसून पाहणार आहे. दूध मात्र आधी उतरवून ठेवीन!