कुंपणाआड गेलेली विभावरी

सांगोल्याहून एस.टी.नं सोलापूरला जाणं आपल्याला काही नवीन नाही. कधी दवाखाना, कधी लग्नाचा बस्ता, कधी मुलांची ॲडमिशन, काही ना काही काम निघतंच. तिथं रिक्षावाल्याच्या तोंडून 'सेटलमेंट' हे नाव तुम्ही कधीतरी ऐकलं असेल. एका वस्तीचं नाव, एवढंच आपल्या लेखी. पण मैत्रिणींनो, मराठीतली एक गाजलेली लेखिका तिथं नोकरीला होती. त्या नोकरीतून तिची सगळ्यांत वेगळी कादंबरी जन्माला आली, हे आपल्याच जिल्ह्यातल्या बायकांना फारसं ठाऊक नसतं.

ती लेखिका म्हणजे विभावरी शिरूरकर. खरं नाव बाळूताई खरे. जन्म १९०५ चा, पुणे जिल्ह्यातल्या घोडनदीचा, म्हणजे शिरूरचा. त्यावरूनच टोपणनावातलं 'शिरूरकर' आलं. वडील अनंतराव शिक्षक आणि मुलींनी शिकलंच पाहिजे या मताचे. आई इंदिराबाई दुधाचा धंदा सांभाळणाऱ्या. त्या काळात ब्राह्मणाघरच्या बाईनं धंदा करायचा म्हणजे काय, याची कल्पना करा! लेकीला त्यांनी शिकायला पाठवलं ते थेट हिंगण्याला, महर्षी कर्व्यांच्या संस्थेत. शिक्षण झाल्यावर बाळूताई पुण्याच्या कन्याशाळेत शिकवू लागल्या.

शिकलेली, कमावती, पण लग्न न झालेली मुलगी ही त्या वेळी घराघरात नवी गोष्ट होती. वय वाढत चाललेलं, हुंड्याची सोय नाही, तिच्या पगारावर घर चालतं म्हणून आईबापही स्थळ बघायला उत्सुक नाहीत. तिच्या मनात काय चाललंय, हे विचारायचं कुणाला सुचलंच नव्हतं. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह आला आणि पुण्या-मुंबईत गदारोळ उठला. बाईमाणसानं हे असं लिहावं? ही विभावरी बाई आहे की बाईच्या नावाआड लपलेला पुरुष, यावरही पैजा. त्या सगळ्या काळात बाळूताई शाळेत मुकाट्यानं तास घेत होत्या. नाव फुटलं असतं तर नोकरीवर बेतलं असतं. लगोलग १९३४ मध्ये 'हिंदोळ्यावर' आणि १९३५ मध्ये 'विरलेले स्वप्न' अशा दोन कादंबऱ्या आल्या. नवऱ्यानं टाकलेल्या बाईला दुसऱ्या पुरुषाबरोबर संसाराचा, मुलाचा हक्क आहे का, इथपर्यंत 'हिंदोळ्यावर' जाऊन भिडली.

विभावरी म्हणजे शिकलेल्या, पांढरपेशा बाईचं मन, हे समीकरण आता पक्कं झालं होतं. वाचक तयार होता आणि प्रकाशकही. आणखी पाच-सहा पुस्तकं त्याच वळणाची सहज लिहिता आली असती. अशा वेळी या बाईंनी काय करावं? पुण्यातली शाळा सोडली आणि सरकारी नोकरी धरून सोलापुरात आल्या, गुन्हेगार जमातींच्या सेटलमेंटमध्ये.

इथं जरा थांबून हे प्रकरण समजून घ्यायला हवं. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून काही जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. पारधी, कैकाडी, मांग-गारुडी, टकारी, कंजारभाट... चोरी कुणी केली हा प्रश्नच नाही. त्या जातीत जन्मलात ना, मग पोलिसांत नाव लागणार! अशा कुटुंबांना तारेच्या कुंपणात आणून ठेवायचं, रोज हजेरी घ्यायची, बाहेर जायचं तर पास मागायचा. सोलापूरच्या गिरण्यांना स्वस्तात कामगार मिळाले, ही त्यातली आणखी एक सोय. बाळंतीण असो की म्हातारी, हजेरी चुकायची नाही. पोटच्या पोराला चोर म्हणून वाढताना पाहणं तिथल्या आईच्या वाट्याला येई.

हिंगण्यात वाढलेली खरेमास्तरांची मुलगी अशा ठिकाणी अधिकारी म्हणून वावरत होती. १९३८ साली त्यांनी विश्राम बेडेकरांशी लग्न केलं. 'रणांगण' लिहिणारे आणि सिनेमाचं दिग्दर्शन करणारे तेच बेडेकर. बाळूताईंच्या मालतीबाई बेडेकर झाल्या त्या वयाच्या तेहतिसाव्या वर्षाच्या सुमारास! कळ्यांचं दुःख त्यांनी ऐकीव लिहिलेलं नव्हतं, हे यावरून कळावं. १९४० साली त्यांनी सरकारी नोकरी सोडली.

पण सेटलमेंटनं त्यांना सोडलं नाही. त्यावरची कादंबरी 'बळी' प्रसिद्ध झाली ती १९५० मध्ये, नोकरी सोडल्यावर दहा वर्षांनी. एवढा वेळ का लागला असेल? मला वाटतं, आपल्या घरातलं दुःख लिहिणं आणि ज्यांच्यावर आपण अधिकारी होतो त्यांचं दुःख लिहिणं, यांत फार अंतर आहे.

आधीच्या पुस्तकांतली दिवाणखान्यातली चर्चा, मनाचे हेलकावे इथं शोधूनही सापडत नाहीत. इथं मांग-गारुडी माणसं आहेत, त्यांची भूक आहे, त्यांची भांडणं, पंच, पोलीस आणि ते कुंपण. तिथून वर यायला धडपडणाऱ्याला बाहेरचं जग आत घेत नाही आणि आतलं जग सोडत नाही. ते नाव 'बळी' का, हे वाचता वाचता उमगत जातं. 'हिंदोळ्यावर' आवडलेल्या वाचकाला हे पुस्तक हाती घेतल्यावर बिचकायलाच होतं. भाषा रांगडी, माणसं अनोळखी. पण बाईंनी त्यावर टोपणनाव मात्र तेच ठेवलं. पांढरपेशा मुलीचा कोंडमारा आणि तारेआडच्या बाईचा कोंडमारा एकाच नावाखाली उभे राहिले, हे मला फार मोलाचं वाटतं.

एक गोष्ट मात्र खरी. ही नजर बाहेरून आलेल्या बाईची आहे, कणव असलेली, पण बाहेरचीच. आतली माणसं स्वतः लिहू लागली ती तीस वर्षांनी. लक्ष्मण मानेंचं 'उपरा' १९८० चं आणि लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' १९८७ चं. ती पुस्तकं 'बळी'च्या शेजारी ठेवून वाचली की फरक दिसतो. तरीही १९५० साली या विषयाला हात घालणारं दुसरं कोण होतं?

कादंबरी आली त्यानंतर दोन वर्षांनी, १९५२ मध्ये, तो कायदा देशभर रद्द झाला. पुढे १९६० साली पंडित नेहरू सोलापुरात आले आणि सेटलमेंटची तार त्यांच्या हस्ते तोडण्यात आली.

मालतीबाई एका वाटेवर थांबल्या नाहीत. १९५३ मध्ये वडिलांच्या आयुष्यावर 'खरेमास्तर' लिहिलं, तेही आधीच्या कुठल्याच पुस्तकासारखं नाही. साधंसुधं, मायेनं ओथंबलेलं. निराधार बायकांचा अभ्यास करून 'घराला मुकलेल्या स्त्रिया' लिहिलं. १९८१ साली साहित्यात सरकारची ढवळाढवळ नको म्हणून मुंबईत समांतर साहित्य संमेलन भरलं, तेव्हा पंचाहत्तरी गाठलेल्या मालतीबाई त्याच्या अध्यक्षा होत्या. ७ मे २००१ रोजी त्या गेल्या, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी.

वाचनालयात 'बळी' मागायची असेल तर मालतीबाई बेडेकर या नावानं शोधू नका. विभावरी शिरूरकर म्हणून विचारा.