विश्लेषण : वर्ध्याच्या काकावाडीतले ‘काका’ कोण? साताऱ्याचा दत्तू गुजराती मुलांचा लाडका लेखक कसा झाला?

वर्धा म्हटले की सेवाग्राम आणि पवनार ही दोन नावे लगेच आठवतात. एक गांधीजींचे, दुसरे विनोबांचे. याच वर्ध्यात काकावाडी नावाचा एक पत्ता आहे. तो ज्यांच्यामुळे पडला ते काका म्हणजे दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर. गांधीजींचे सहकारी, राष्ट्रभाषा प्रचारक आणि पहिल्या मागासवर्ग आयोगाचे अध्यक्ष अशी त्यांची सरकारी ओळख. पण गुजरातमधल्या कित्येक पिढ्यांना ते शाळेच्या पुस्तकातून भेटले, आणि तेही हसत-हसवत. घरात मराठी बोलत वाढलेल्या या लेखकाचे मुलांसाठीचे सर्वोत्तम लेखन गुजरातीत का झाले आणि आपल्याकडे ते फारसे कसे पोहोचले नाही, याची ही कथा.

बालपण कुठे गेले?

काकासाहेबांचा जन्म 1 डिसेंबर 1885 रोजी साताऱ्यात झाला. घराणे मूळचे सावंतवाडी परिसरातले, गाव मात्र बेळगावजवळचे बेळगुंदी. वडील कलेक्टर कचेरीत हिशेबाचे काम पाहत. नोकरी फिरतीची असल्याने सातारा, कारवार, बेळगाव, धारवाड आणि आजूबाजूची छोटी संस्थाने असा कुटुंबाचा प्रवास सुरू असे. भावंडांत सर्वांत धाकटा दत्तू वडिलांबरोबर हिंडत राहिला.

या फिरतीमुळे शाळा सतत बदलत गेल्या, अभ्यासाची घडी विस्कटली. पण त्या बदल्यात दत्तूला फार मोठे जग मिळाले. साताऱ्याजवळ माहुलीला कृष्णा आणि वेण्णेचा संगम, कारवारचा समुद्र, बेळगुंदीच्या शिवारातली मार्कंडी नदी. घरात मराठी, बाहेर कुठे कोकणी तर कुठे कानडी. पुढे त्यांनी भारतातल्या नद्यांवर ‘लोकमाता’ हे पुस्तक लिहिले आणि त्याचा विस्तार ‘जीवनलीला’त केला. त्यातल्या कृष्णा आणि मार्कंडीवरच्या लेखांत हाच लहान मुलगा काठावर उभा असलेला दिसतो.

‘काका’ हे नाव कसे पडले?

पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून तत्त्वज्ञान घेऊन ते 1907 मध्ये पदवीधर झाले. तो काळ स्वदेशी चळवळीचा होता. बेळगावात शिक्षकी, मुंबईत ‘राष्ट्रमत’ दैनिकात काम असे करत ते 1910 मध्ये बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात पोहोचले. बॅरिस्टर केशवराव देशपांडे यांच्या पुढाकाराने चाललेली ही राष्ट्रीय शाळा होती.

तिथे एक छान रीत होती. विद्यार्थ्यांनी शिक्षकांना ‘सर’ किंवा ‘मास्तर’ म्हणायचे नाही, घरच्या नात्याने हाक मारायची. विठ्ठल लक्ष्मण फडके ‘मामा’ झाले आणि कालेलकर ‘काका’. शाळा सरकारी दडपणामुळे लवकरच बंद पडली, पण दोघांची नावे आयुष्यभर टिकली. मामासाहेब फडके आणि काकासाहेब कालेलकर ही नावे आज भारदस्त वाटतात. त्यांचा उगम मात्र मुलांच्या हाकेत आहे.

मराठी माणूस गुजरातीत का लिहू लागला?

शाळा बंद पडल्यावर 1912 मध्ये काका हिमालयात निघून गेले. मित्र अनंतबुवा मर्ढेकर आणि स्वामी आनंद यांच्यासह त्यांनी मोठा प्रवास पायी केला. नंतर ते शांतिनिकेतनात शिकवू लागले. तिथे 1915 मध्ये त्यांची गांधीजींशी भेट झाली आणि पुढे ते अहमदाबादच्या आश्रमात दाखल झाले. काम पुन्हा तेच : शाळेत शिकवणे.

आश्रमातल्या मुलांना हिमालयाच्या गोष्टी ऐकायच्या होत्या. ही मुले गुजराती बोलणारी. त्यांच्या हस्तलिखित मासिकासाठी काकांनी आपला प्रवास लिहायला घेतला आणि तो अर्थातच गुजरातीत. यातूनच ‘हिमालयनो प्रवास’ हे पुस्तक उभे राहिले. गुजराती प्रवासवर्णनात ते आज अभिजात मानले जाते.

ज्याला सांगायचे त्याच्या भाषेत सांगायचे, हा शिक्षकाचा साधा नियम त्यांनी पाळला. समोर वर्गातली मुले होती म्हणून वाक्ये आटोपशीर राहिली, अवघड शब्द गळून पडले आणि उपदेशाची जागा कुतूहलाने घेतली. या परक्या भाषेवरचा त्यांचा अधिकार इतका वाढला की गांधीजींनी त्यांना ‘सवाई गुजराती’ ठरवले. गुजराती शुद्धलेखन ठरवणारा ‘जोडणीकोश’ गुजरात विद्यापीठाने 1929 मध्ये काढला, त्या कामातही या मराठी माणसाचा मोठा वाटा होता.

तुरुंगात विनोद कसा सुचला?

गांधीजी तुरुंगात असताना काका ‘नवजीवन’चे काम पाहत होते. 1923 मध्ये त्यांनाही शिक्षा झाली आणि साबरमती तुरुंगात जावे लागले. तुरुंगातल्या आठवणी म्हटल्या की हालअपेष्टा, अन्याय, देशभक्ती असे काही वाचकाला अपेक्षित असते. काकांनी ‘ओतराती दीवालो’ म्हणजे ‘उत्तरेकडच्या भिंती’ हे छोटे पुस्तक लिहिले, ते बहुतांशी मुंग्या, खारी, कावळे आणि मांजरांवर.

कोठडीच्या आवारात जे जे हलते-चालते ते त्यांनी शेजाऱ्याप्रमाणे न्याहाळले. कैद्याला फिरायला बंदी, पण मुंगीला आणि खारीला नाही, ही गंमत त्यांना दिसली. प्राण्यांच्या लगबगीत माणसांचे रुसवे-फुगवे आणि दिमाख दिसले. या विनोदात कोणाची टिंगल नाही. लहान मूल जसे अंगणात तासभर मुंग्यांची रांग बघत बसते, तसे एक प्रौढ माणूस तुरुंगात बसला आहे, ही कल्पनाच हसू आणते. त्याच वेळी भिंतींची उंचीही वाचकाला जाणवत राहते. मुलांना हे पुस्तक गमतीचे वाटते, मोठ्यांना त्यातले धैर्य कळते.

‘स्मरणयात्रा’त वेगळे काय?

1934 मध्ये आलेली ‘स्मरणयात्रा’ ही त्यांच्या बालपणाची कहाणी. मोठ्या माणसांच्या आत्मचरित्रात बालपण बहुधा दोन-चार पानांत उरकते आणि त्यातही भावी थोरवीची लक्षणे दाखवलेली असतात. काकांनी उलट केले. तारुण्याच्या उंबरठ्यावर आल्यावर पुस्तकच संपवले.

त्यातला दत्तू घाबरतो, खोड्या करतो, फसतो, लाजतो आणि मोठ्यांच्या वागण्याचे भलतेच अर्थ लावतो. लेखक पन्नाशीला टेकलेला, गांधीजींच्या निकटचा, विद्यापीठ चालवलेला माणूस. पण तो या मुलाला वरून न्याहाळत नाही किंवा त्याची चूक दिसताच तात्पर्य सांगायला धावत नाही. हसतो तो स्वतःलाच. त्यामुळे वाचणाऱ्या मुलाला आपल्याही फजितीची लाज वाटेनाशी होते. ‘स्मरणयात्रा’ मराठीतही आली, मात्र गुजरातीत ती जशी घरोघरी पोहोचली तशी इथे पोहोचली नाही.

वर्ध्यात त्यांनी काय केले?

गांधीजींनी आपले केंद्र वर्ध्याला हलवल्यानंतर, तिशीच्या दशकाच्या मध्यावर, काकाही वर्ध्यात आले. इथे त्यांची भाषा पुन्हा बदलली. 1936 मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रभाषा प्रचार समितीच्या कामात ते पुढे होते. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, तिथून ‘नई तालीम’चा आराखडा पुढे आला. त्यासाठीच्या डॉ. झाकिर हुसेन समितीत काकाही होते.

लिपीसुधारणेचा त्यांचा प्रयोगही याच काळातला. इ, ई, उ, ऊ, ए, ऐ ही वेगळी अक्षरे शिकवण्याऐवजी ‘अ’लाच काना-मात्रा-वेलांटी लावून अि, अी, अु, अू, अे, अै असे लिहावे, अशी ती सूचना. शिकणाऱ्याला कमी अक्षरे पाठ करावी लागतील आणि छपाईचे खिळेही वाचतील, हा हेतू. त्या काळच्या वर्ध्याच्या प्रकाशनांत ही ‘अ’ची बाराखडी पाहायला मिळते.

नागरी आणि उर्दू अशा दोन्ही लिप्यांतली ‘हिंदुस्तानी’ राष्ट्रभाषा व्हावी, असे गांधीजींचे मत पक्के झाल्यावर 1942 मध्ये वर्ध्यात हिंदुस्तानी प्रचार सभा निघाली. तिची जबाबदारीही काकांकडे आली आणि काकावाडी तिचा पत्ता झाला. त्याच वर्षी ‘चले जाव’ आंदोलनात त्यांना अटक झाली.

सार्वजनिक कामात यश किती मिळाले?

हिशेब मांडला तर चित्र संमिश्र दिसते. ‘अ’ची बाराखडी लोकांनी स्वीकारली नाही. संविधान सभेने 14 सप्टेंबर 1949 रोजी देवनागरीतली हिंदी ही राजभाषा ठरवली आणि दोन लिप्यांच्या हिंदुस्तानीचे स्वप्न मागे पडले.

1953 मध्ये नेमलेल्या पहिल्या मागासवर्ग आयोगाचे ते अध्यक्ष होते. मार्च 1955 मध्ये दिलेल्या अहवालात 2,399 जाती-समूह मागास ठरवले गेले. पण अहवाल सादर करताना सोबतच्या पत्रात खुद्द अध्यक्षांनीच जात हा निकष मानण्याविषयी मतभेद नोंदवला. केंद्राने शिफारशी अमलात आणल्या नाहीत. या भूमिकेवर आजही टीका होते आणि ती टाळून काकांचे चरित्र सांगता येत नाही.

मानसन्मान मात्र मिळत राहिले. 1952 ते 1964 ते राज्यसभेत होते. 1964 मध्ये पद्मविभूषण आणि पुढच्या वर्षी ‘जीवनव्यवस्था’ या गुजराती ग्रंथासाठी साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

पेन्सिलीचा तुकडा का महत्त्वाचा?

गांधीजींच्या सहवासातले छोटे छोटे प्रसंग काकांनी लिहून ठेवले. त्यातला एक 1915 च्या मुंबई काँग्रेस अधिवेशनाच्या वेळचा. गांधीजी काहीतरी शोधत होते, अगदी अस्वस्थ होऊन. चौकशी केली तर हरवला होता पेन्सिलीचा लहानसा तुकडा. काकांनी आपली पेन्सिल पुढे केली, पण त्यांना ती नको होती. तो तुकडा मद्रासला नटेसन यांच्या लहान मुलाने प्रेमाने दिलेला होता. शेवटी दोघांनी मिळून शोधला तेव्हा दोन इंचांहूनही लहान असा तो तुकडा सापडला.

अधिवेशनातले ठराव आणि भाषणे यांच्या गर्दीत काकांच्या लक्षात राहिली ती एका मुलाची पेन्सिल. लिहिताना त्यांनी त्यावर मोठे भाष्य केले नाही. प्रसंग सांगितला आणि थांबले.

मराठीत ते मागे का पडले?

काकांचे 21 ऑगस्ट 1981 रोजी दिल्लीत निधन झाले, तेव्हा ते 95 वर्षांचे होते. साताऱ्यात जन्म, बेळगावला गाव, कीर्ती गुजरातची, काम वर्ध्याचे आणि अखेर दिल्लीत. त्यांनी मराठी सोडली नव्हती, मराठीतही पुस्तके लिहिली. पण ज्या काळात त्यांची लेखणी सर्वांत खेळकर होती, त्या काळात त्यांच्यासमोर गुजराती मुले बसली होती. मराठी मुलांच्या वाट्याला साने गुरुजी आले, ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ आला. साताऱ्याचा दत्तू मात्र सीमेपलीकडे राहिला.

काकावाडी हा पत्ता आज राष्ट्रभाषेच्या चळवळीशी जोडला जातो आणि ते बरोबरच आहे. पण त्या नावातली हाक शाळकरी मुलांची होती. त्यांनी चालवलेल्या समित्या आणि अहवाल आता अभ्यासकांपुरते उरले आहेत. तुरुंगातल्या खारी आणि कारवारच्या वाटेवरचा दत्तू यांना मात्र अजूनही वाचक मिळतात. घरातल्या दहा-बारा वर्षांच्या मुलासाठी शोधायचे असेल, तर सुरुवात ‘स्मरणयात्रा’पासून करता येईल.