पाचशे प्रती, नऊ आणे

सरकार पुस्तकाकडे कसे पाहते, हे जाणून घ्यायचे असेल तर १८६७चा कायदा पाहावा. छापखाने आणि पुस्तके यांच्या नोंदणीसाठी इंग्रज सरकारने तो केला. छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची दर तीन महिन्यांनी यादी होऊ लागली. पुस्तकाचे नाव, भाषा, लेखक, छापखाना, पृष्ठे, आकार, प्रती किती, किंमत किती, अशी रकान्यांमागून रकाने. आत काय लिहिले आहे, यासाठी विषयाचा एक रकाना पुरे होता.

१८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यातून बाहेर पडलेल्या एका लहानशा मराठी पुस्तकाची ओळख अशा रकान्यांत करून द्यायची तर ती इतकीच होईल : प्रती पाचशे, किंमत नऊ आणे, नाव 'स्त्रीपुरुषतुलना', कर्त्री ताराबाई शिंदे, राहणार बुलढाणे.

बुलढाणा जिल्हा म्हटले की बाहेरच्या माणसाला जिजाऊंचे सिंदखेडराजा आठवते, लोणारचे सरोवर आठवते, शेगावचे गजानन महाराज आठवतात. जिल्ह्याचे मुख्य गाव त्या मानाने मागे राहते. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेले, वऱ्हाडच्या उन्हाळ्यात त्यातल्या त्यात थंड असे हे गाव. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला आणि पुढे इथे डेप्युटी कमिशनरची कचेरी थाटली गेली. त्या कचेरीत बापूजी हरी शिंदे हेडक्लार्क होते. १८५०च्या सुमारास जन्मलेली तारा ही त्यांची एकुलती एक मुलगी. तिला चार भाऊ.

मुलींची शाळा गावात नव्हती. बापूजींनी मुलीला घरीच मराठी शिकवले, संस्कृत शिकवले, इंग्रजीही शिकवले. शिंदे हे मराठा कुळीचे घर, बायकांनी उंबऱ्याच्या आत राहावे अशा वळणाचे. त्या घरात त्या काळी हे घडले, याचे श्रेय बापूजींना द्यायलाच हवे. ते सत्यशोधक समाजाचे सभासद होते आणि स्वतः लेखकही होते. शिकलेल्या देशबांधवांना चार गोष्टी सांगणारे त्यांचे पुस्तक १८७१ साली निघाले होते. म्हणजे पुस्तक ही वस्तू माणूसच लिहितो, घरातला माणूसही लिहू शकतो, हे ताराने विशीत डोळ्यांनी पाहिलेले होते. लेखक होण्यासाठी ही एक गोष्ट फार लागते, असे मी चार कादंबऱ्या लिहिल्यानंतर सांगू शकतो. ताराबाईंचे लग्न लहानपणीच झाले आणि जावई घरजावई म्हणून आला. त्यामुळे त्या माहेरच्याच घरात राहिल्या. मूलबाळ झाले नाही.

एवढ्यावर ही कथा संपली असती. पण १८८१ साली सुरतेकडे एक खटला गाजला. विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेने आपले नवजात मूल मारले. विधवेला मूल झाले हे कळले तर जगणे अशक्य, म्हणून मारले. तिला फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती पुढे कमी करण्यात आली. वर्तमानपत्रांत मात्र निराळाच खटला सुरू झाला. पुण्याच्या 'पुणे वैभव' पत्राने हा प्रसंग धरून एकूण स्त्रीजातीच्या नीतीवरच कोरडे ओढले. त्या मुलाचा बाप कोण, हा प्रश्न मात्र कोणाला पडला नाही.

तो बुलढाण्यात पडला. पुण्यातल्या लेखाचे उत्तर चारशे किलोमीटरवरच्या वऱ्हाडातून गेले, तेही वाचकाच्या पत्राच्या रूपाने नाही, आख्ख्या पुस्तकाच्या रूपाने.

पुस्तकाचे नावच पाहा. तुलना म्हणजे तागडीत घालणे. ताराबाईंनी नेमके तेच केले. स्त्री म्हणजे संशयांचा भोवरा, अविनयाचे घर, कपटाचा साठा, असे दोष मोजून दाखवणारा एक संस्कृत श्लोक शास्त्री-पंडितांच्या ओठांवर असे. त्यातला एकेक आरोप त्या उचलतात, एका पारड्यात ठेवतात आणि दुसऱ्या पारड्यात पुरुषाची करणी टाकतात. बायको मेल्यावर पुरुष पुन्हा बोहल्यावर चढतो, विधवेने मात्र केस उतरवून कोपऱ्यात बसायचे, हे कोणत्या मापाने? नवरा म्हणजे देव म्हणता, मग त्याने देवासारखे वागायला नको का? फसवणारा कोण आणि फसणारी कोण? प्रश्न वऱ्हाडी बाईच्या तोंडचे आहेत, भाषा बोलण्यातली आहे, त्यात टोमणे आहेत, म्हणी आहेत आणि मधूनच डोळ्यांत पाणी आणणारी कळकळ आहे. शास्त्रांनाही त्या सोडत नाहीत. ब्राह्मण विधवेची बाजू एका मराठा घरातली बाई घेते, ही गोष्ट त्या काळी किती वेगळी होती हे सांगायला नको.

आणखी एक ठिकाणी त्यांची नजर गेली आहे, त्याचे मला जास्त कौतुक वाटते. 'मुक्तामाला', 'मंजुघोषा' अशा अद्भुतरम्य कादंबऱ्यांचा तो काळ. पुरुषांनी लिहिलेल्या कथा-नाटकांत बायका कशा रंगवल्या जातात, यालाही ताराबाईंनी हात घातला. मराठी समीक्षा नीट पायांवर उभी राहण्याआधीचा हा प्रकार आहे.

प्रस्तावनेत त्या स्वतःविषयी फार नम्रपणे बोलतात. आपण घरात कोंडलेली, अल्पमतीची बाई; लिहिण्याची ही पहिलीच खेप; चुकभूल असणार. पण पुस्तकावर नाव घातले आहे ते स्वतःचे, उघड. याचे मोल कळायला त्याच वर्षाचे दुसरे पुस्तक पाहावे. १८८२ सालीच पंजाबात 'सीमन्तनी उपदेश' नावाचे एक हिंदी पुस्तक निघाले. विषय असाच, धारही अशीच. लेखिकेच्या जागी मात्र फक्त एक अज्ञात हिंदू स्त्री. गेल्या शतकाच्या अखेरीस डॉ. धर्मवीर यांनी ते पुस्तक पुन्हा उजेडात आणले, पण ती बाई अज्ञातच आहे. तिने नाव लपवले म्हणून तिला दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. बुलढाण्याच्या बाईने ते लपवले नाही, आणि त्यामुळे पुढची बोलणी तिला स्वतःच्या नावावर खावी लागली. लेखकपण म्हणतात ते बरेचसे हेच असावे : विचारायला कोणी आले तर दार उघडायला घरात कोणीतरी असणे.

विचारायला आले ते बरेचसे चेष्टा करायला आले. पाठीशी उभे राहिले जोतीराव फुले. १८८५ साली त्यांनी 'सत्सार'चे अंक काढले. दुसऱ्या अंकात ताराबाईंचा उल्लेख लेकीच्या मायेने करून त्यांनी आपल्या सहकाऱ्यांना हे पुस्तक वाचण्याची शिफारस केली. त्याच १८८२ साली पंडिता रमाबाईंचे 'स्त्रीधर्मनीति' निघाले होते. त्याच्या विक्रीतून रमाबाईंना इंग्लंडच्या प्रवासाचे पैसे उभे करता आले. 'स्त्रीपुरुषतुलना' मात्र विस्मरणात गेली. पाचशे प्रतींपैकी कुठली कुठे वाळवीने खाल्ली, कुठली रद्दीत गेली.

आता आजच्या मापांनी हिशेब करून पाहू. आयुष्य बँकेत गेल्यामुळे ही खोड जात नाही.

२००५ साली कॅलिफोर्नियातले एक पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक हर्श यांनी संशोधकाची योग्यता मोजण्याची युक्ती काढली. तुमचे दहा लेख प्रत्येकी निदान दहा वेळा इतरांनी उल्लेखले असतील तर तुमचा अंक दहा. वीस लेख प्रत्येकी वीस वेळा, तर वीस. हा एच-अंक आज जगभर नेमणुकांच्या वेळी पाहिला जातो. ज्याने एकच पुस्तक लिहिले त्याचा अंक, जगाने लाख वेळा उल्लेख केला तरी, एकच्या वर जाऊ शकत नाही. ताराबाईंचा अंक एक.

आपल्याकडचे विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८चे नियम घ्या. देशी प्रकाशकाने काढलेल्या ग्रंथाच्या लेखकाला १० गुण, विदेशी प्रकाशक असेल तर १२. ताराबाईंना १० मिळाले असते. पण श्री शिवाजी छापखाना प्रकाशक धरायचा की नुसता मुद्रक, यावर समिती बसली असती. दुसऱ्या टोकाला, २०१५ साली जिनिव्हाजवळच्या प्रयोगशाळेतून एका सूक्ष्म कणाचे वस्तुमान सांगणारा लेख निघाला, त्याला ५,१५४ लेखक होते. एकूण ३३ पानांपैकी २४ पाने निव्वळ नावांची. इतक्या जणांनी मिळून काम केले हे खरेच आहे, त्यात खोटे काही नाही. पण त्यातल्या एखाद्या वाक्याचा जाब विचारायचा झाला, तर कोणाचे दार ठोठवायचे?

मोजू नये असे मी म्हणत नाही. न मोजता नेमणुका केल्या की काय होते, तेही आपण पाहिले आहे. पण मोजणाऱ्याला एक सवय लागते : ज्या खात्यात बरीच वर्षे व्यवहार नाही ते निष्क्रिय. बँकेत अशा खात्याची रक्कम बुडत नाही. दहा वर्षांनी ती रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते आणि खरा दावेदार कागदपत्रे घेऊन आला की परत मिळते. प्रश्न दावेदाराचा असतो.

'स्त्रीपुरुषतुलने'ला दावेदार मिळाला ९३ वर्षांनी. स. गं. माळशे हे मराठीचे प्राध्यापक, जुन्या कागदांच्या मागे लागलेले चिकाटीचे संशोधक. त्यांनी हे पुस्तक शोधले, लेखिकेच्या घराण्याची माहिती मिळवली आणि १९७५ साली ते संपादून प्रसिद्ध केले. ते संयुक्त राष्ट्रांचे महिला वर्ष होते, त्यामुळे वाचायला माणसेही जागी होती. १९९१ साली सूझी थारू आणि के. ललिता यांच्या भारतीय स्त्री-लेखनाच्या इंग्रजी संकलनात त्याचा भाग आला. १९९४ साली रोझालिंड ओ'हॅनलन या इंग्रज विदुषीने संपूर्ण अनुवाद केला, सोबत दीर्घ अभ्यास जोडला, आणि बुलढाण्याचे नाव ऑक्सफर्डच्या पुस्तकात गेले. त्या २०१८च्या नियमांत संपादकाला गुण ८, अनुवादकालाही ८, म्हणजे लेखकापेक्षा दोन कमी. ताराबाईंच्या बाबतीत हा दोन गुणांचा फरक कसा पडला, हे मला कोणीतरी समजावून सांगावे. माळशांचे काम नसते तर ताराबाईंच्या रकान्यात १० गुणांऐवजी भोपळाच असता.

१८८२नंतर ताराबाईंच्या नावावर दुसरे पुस्तक नाही. पहिली खेप म्हणणाऱ्या बाईची दुसरी खेप झाली नाही. त्या बुलढाण्यातच राहिल्या. घराण्याच्या आठवणींत त्या उरल्या आहेत ते फटकळ, कोणाला न जुमानणारी बाई म्हणून. शेतावर देखरेख करणारी, घोड्यावर बसणारी, गावात दरारा असलेली. पुस्तकातला आवाज ऐकला की ही आठवण खरी वाटते. १९१०च्या सुमारास त्या वारल्या. पुस्तक निघून तेव्हा २८ वर्षे झाली होती. स. गं. माळशे यांचा जन्म १९२१चा.